व्हीलचेअर किंवा मोठा ग्रुप घेऊन एअरपोर्टवरून शहरात जायचंय? आधी मेजरिंग टेप घ्या

विमान वेळेवर उतरलं, बॅगा सगळ्या आल्या, इमिग्रेशनला कोणी काही विचारलं नाही, आणि बाहेर गाडीजवळ गेल्यावर कळलं की मामांची खुर्ची डिकीत बसतच नाहीये. आम्ही नऊ जण होतो. बुकिंग करताना मी स्पष्ट विचारलं होतं, व्हीलचेअर चालेल ना, आणि पलीकडून 'हो, चालेल' असं उत्तर आलं होतं. आता त्यांच्या डोक्यात दुमडून छत्रीसारखी होणारी हलकी खुर्ची होती आणि आमची होती मोटरवाली, जी दुमडली तरी एका मोठ्या सूटकेसएवढी होते. ड्रायव्हर बिचारा खुर्ची आडवी करून बघतोय, उभी करून बघतोय, फूटरेस्ट काढून बघतोय आणि मागे बाकीच्या गाड्यांचे हॉर्न. मामा शेवटी म्हणाले, "अगं, खुर्चीला आत बसव आणि मला वर टपावर बांध."

चूक ड्रायव्हरची नव्हती, माझी होती. 'चालेल का' हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याला सगळे हो म्हणतात. सेंटिमीटर आणि किलो सांगितले की मग समोरचा माणूस खरंच उठून डिकी मोजतो. त्यानंतर अशा बऱ्याच ट्रिपा केल्या, कधी मामांना घेऊन, कधी नुसता पंधरा-सोळा जणांचा गोतावळा, त्यातून जे जमलंय ते क्रमाने लिहिते.

निघायच्या आधी, घरी बसून: मापं

माणूस खुर्चीत बसलेला असताना मापं घ्यायची, रिकाम्या खुर्चीची घेऊन उपयोग नाही. रुंदी घेताना चाकाच्या बाहेरची हाताने फिरवायची रिंग धरून, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. लांबी मागच्या चाकापासून पुढे पायाच्या अंगठ्यापर्यंत, कारण पाय फूटरेस्टच्या पुढे येतातच. आणि तिसरं माप जे कोणीच घेत नाही ते म्हणजे जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंतची उंची. व्हॅनच्या दारात डोकं आपटतं ते याच्यामुळे. आत छत उंच असतं हो, पण दाराची चौकट खाली असते.

अंदाज यावा म्हणून सांगते, बऱ्याच देशांत बस आणि ट्रेनमधली व्हीलचेअरची जागा ७० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब खुर्ची धरून आखलेली असते. तुमची खुर्ची यापेक्षा मोठी असेल (टेकून झोपता येणारी किंवा पाय सरळ ठेवणारी असेल तर असतेच) तर ट्रेन-बसचं आधीच विचारून घ्या. वजन पण हवं, खुर्चीचं वेगळं आणि माणसाचं वेगळं. साधी दुमडणारी खुर्ची १५ ते २० किलोच्या आसपास असते पण मोठी इलेक्ट्रिक खुर्ची १०० किलोच्या वर सहज जाते, ती काही दोघांनी मिळून उचलून डिकीत टाकायची गोष्ट नाही. ट्रेनला लावायच्या रॅम्पची किंवा लिफ्टची क्षमता पुष्कळ ठिकाणी ३०० किलो असते आणि त्यात खुर्ची, माणूस आणि खुर्चीला लटकवलेल्या पिशव्या सगळं आलं.

दुमडल्यावरची तीन मापं वेगळी लिहा. मग बॅटरी. लिथियमची काढता येणारी बॅटरी असेल तर विमानात ती सहसा काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॅट-अवर आहे, दोन बॅटऱ्यांवर चालणारी खुर्ची असेल तर प्रत्येकी १६०. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे २४०. हे सगळं एका कागदावर, खाली खुर्चीचे दोन फोटो, एक उघडलेली एक दुमडलेली. तोच कागद फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा, एअरलाइनला, गाडीवाल्याला, हॉटेलला.

गाडी कुठली हे एका प्रश्नावर ठरतं

माणूस खुर्चीतून उठून गाडीच्या सीटवर बसू शकतो का?

स्वतः किंवा थोड्या आधाराने बसत असेल तर साधी गाडी चालते, फक्त सीटची उंची बघा. लोकांना वाटतं मोठी उंच गाडी म्हणजे आरामदायक, पण ज्याला गुडघा वाकवून पाय वर उचलता येत नाही त्याला ती उंच गाडी म्हणजे डोंगर. अगदी खालची गाडी पण नको, तिच्यातून उठवताना उचलणाऱ्याची कंबर जाते. खुर्चीच्या गादीच्या उंचीला जवळपास येणारी सीट सगळ्यात बरी, कारण मग सरकून जाता येतं, मधे सरकपट्टी (खुर्ची आणि सीटला जोडणारी गुळगुळीत फळी) टाकली तर अजून सोपं.

अजिबात उठता येत नसेल, किंवा येतं पण दहा-बारा तासांच्या विमानानंतर अंगात त्राण उरणार नाही (हे लोक लपवतात, मामासुद्धा 'मी उठतो की' म्हणतात आणि मग अर्ध्यात बसतात), तर खुर्चीसकट आत जाता येणारी रॅम्पची किंवा लिफ्टची गाडीच बुक करा. ही गाडी एअरपोर्टच्या रांगेत उभी असेलच असं धरून चालू नका. ॲपवर तसा पर्याय दिसतो पण दिसणं आणि त्या वेळेला येणं यात फरक आहे, म्हणून आधी बुकिंग आणि आदल्या दिवशी फोन.

एअरलाइनला काय सांगायचं

याचा शहरात जाण्याशी काय संबंध असं वाटेल, पण खूप आहे, कारण दारापर्यंत तुम्हाला कोण आणि कसं आणणार हे इथे ठरतं. एअरलाइनचे तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस जिने चढतो-उतरतो पण लांब चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही पण विमानात सीटपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. ट्रॅव्हल एजंट लोक सरसकट पहिलाच कोड टाकून मोकळे होतात आणि मग विमान जर लांब उभं राहिलं आणि जिन्याने उतरायची वेळ आली तर तुमच्यासाठी माणसाला विमानाच्या दारातून उचलून खाली आणणारी गाडी मागवलेलीच नसते. बुकिंगमध्ये कुठला कोड पडलाय ते तोंडाने विचारून घ्या, आणि मधे विमान बदलत असाल तर प्रत्येक विमानासाठी.

किमान ४८ तास आधी कळवा. युरोपियन युनियनमध्ये ११०७/२००६ क्रमांकाचा नियम आहे, त्यात हीच मुदत आहे, मदत फुकट आहे आणि ती देण्याची जबाबदारी एअरपोर्टची. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ती जबाबदारी एअरलाइनवर टाकलीय. म्हणजे कोणी आलंच नाही तर कुठल्या काउंटरला भांडायचं ते देशाप्रमाणे बदलतं.

आणि एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. एअरपोर्टची खुर्ची एअरपोर्टवरच राहते. ज्यांची स्वतःची खुर्ची नाही, नुसतं लांब चालवत नाही म्हणून मदत घेतलीय, अशा आजी-आजोबांना मदतनीस एका ठरलेल्या जागेपर्यंत सोडतो. ती जागा टॅक्सीची रांग असेल, स्टेशनचं तोंड असेल किंवा नुसतं बाहेरचं दार. तिथून पुढचे चारशे मीटर तुमचे तुम्ही. म्हणून मदतनीस भेटल्याबरोबर विचारा, कुठपर्यंत सोडणार, आणि गाडीवाल्याला तिथेच बोलवा. पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर भेटू वगैरे मान्य करू नका.

उतरल्यावरचा तास

व्हीलचेअरवाला प्रवासी विमानातून शेवटी उतरतो. मग मदतनीसाची वाट, खुर्चीची वाट, बाथरूम. लँडिंगच्या वेळेवर पिकअप ठरवलात तर ड्रायव्हर ताटकळणार आणि वर वेटिंग लावणार. मी ड्रायव्हरला फ्लाइट नंबर देते आणि लँडिंगनंतर दीड तासाची वेळ सांगते, ग्रुप मोठा असेल तरी तेवढीच. वेटिंग लँडिंगपासून मोजणार की ठरलेल्या पिकअपपासून, हे लेखी घ्या.

स्वतःची खुर्ची विमानाच्या दारात मिळणार की बेल्टवर, हे चेक-इनला विचारायचं, टॅगवर लिहून घ्यायचं, आणि लँडिंगच्या आधी केबिन क्रूला परत आठवण करायची. बेल्टवर आली तर तोपर्यंत एअरपोर्टच्या खुर्चीत बसावं लागतं आणि ज्याला पाठीला खास आधार लागतो त्याला ते जड जातं. गादी, साइडचे पत्रे, फूटरेस्ट, जे सुटं होतं ते सगळं आम्ही केबिनमध्येच नेतो, कारण हरवतं ते हेच.

खुर्ची आली की लगेच बसवून पळायचं नाही. आधी चाकं फिरवून बघा, ब्रेक, जॉयस्टिक, फ्रेम वाकली नाही ना. मोडलं असेल तर त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर जाऊन रिपोर्ट लिहून घ्या, फोटो काढा. १९९९ च्या माँट्रिअल करारात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करायची मुदत आहे, पण तिथल्या तिथे लिहून घेतलेल्याला वेगळंच वजन असतं.

मोटरवाल्या खुर्चीचं अजून एक. विमानात चढवताना लोडर लोक एक लिव्हर फिरवून मोटर चाकांपासून सोडवतात म्हणजे खुर्ची ढकलून नेता येते. त्या अवस्थेत तिचा मोटरचा ब्रेक लागत नाही! लिव्हर परत जागेवर केल्याशिवाय माणसाला रॅम्पवर नेऊ नका. लिव्हर कुठे आहे त्याचा फोटो त्याच कागदावर टाका.

आणि बॅटरी कोणाच्या बॅगेत आहे? हसू नका. एकदा आमची बॅटरी भाच्याच्या बॅकपॅकमध्ये, आणि भाचा पुढे जाऊन कस्टमच्या पलीकडे उभा, तिथून परत आत येता येत नाही. मामांना सामानाच्या हॉलपासून बाहेरपर्यंत ढकलत आणलं, मोटरवाली खुर्ची ढकलायला किती जड असते ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून बॅटरी ज्याच्याजवळ तो मामांना सोडून हलायचा नाही, असा नियमच झालाय.

ग्रुप असेल तर

सगळ्यांनी एकत्र थांबायची काही गरज नसते. दोन जण खुर्चीसोबत, दोन जण बेल्टवर बॅगांना, एक जण बाहेर जाऊन गाडी आणि तिची नेमकी जागा शोधायला, बाकीचे एका खांबापाशी बसून. खांब म्हणजे खरंच खांब, नंबर लिहिलेला, 'बाहेर भेटू' म्हणजे काहीच नाही, मोठ्या टर्मिनलला बाहेर पडायची चार दारं असतात.

माणसं मोजताना बॅगा पण मोजा. "आम्ही चौदा, डाग बावीस" असं सगळ्यांना पाठ करून ठेवलं की गाडीत बसताना एक जण मोठ्याने आकडे म्हणतो आणि काम होतं. ग्रुपमध्ये कोणी गोंधळून जाणारं असेल, स्मृतिभ्रंश असलेले आजोबा किंवा गर्दीचा त्रास होणारं मूल, तर बऱ्याच एअरपोर्टवर सूर्यफुलाची हिरवी गळपट्टी मिळते. ही २०१६ साली गॅटविकला सुरू झाली आणि आता कितीतरी एअरपोर्ट ती ओळखतात. ती बघून स्टाफ जरा जास्त वेळ देतो, समजावून सांगतो, आपल्याला प्रत्येकाला आजार सांगत बसावं लागत नाही.

गाडीच्या सीटांच्या आकड्यावर जाऊ नका. सात सीटची गाडी सातही सीटा भरल्यावर मागे दोन हातपिशव्यांपुरती उरते. मी सरळ हिशोब करते, माणसं अधिक मोठ्या बॅगा, आणि दुमडलेली खुर्ची म्हणजे दोन मोठ्या बॅगा, मग तो आकडा गाडीवाल्याला सांगून विचारते की यात कुठली गाडी. एकच मोठी गाडी की दोन छोट्या? सगळे एकाच ठिकाणी उतरणार असतील तर मोठी बरी, चुकामूक होत नाही. पण मोठी बस जुन्या गल्लीत शिरत नाही आणि मग शेवटचा टप्पा बॅगा ओढत करावा लागतो. दोन गाड्या केल्या तर प्रत्येक गाडीत पत्ता, चालू फोन आणि पैसे असलेलं एक मोठं माणूस पाहिजे. आणि खुर्ची व खुर्चीचा मालक कधीही वेगळ्या गाड्यांत बसवू नका. खुर्ची ट्रॅफिकमध्ये आणि माणूस हॉटेलच्या दारात गाडीत बसून, हे फार वाईट असतं.

रॅम्पच्या गाडीत बसताना

इमारतींसाठी रॅम्पचा उतार साधारण १ ला १२ धरतात, म्हणजे ३० सेंटिमीटर चढायला ३.६ मीटर लांबी. गाडीचा रॅम्प त्यापेक्षा बराच आखूड असतो, साहजिकच तो खडा असतो. चढवताना मागून ढकलायचं, उतरवताना माणसाची पाठ उताराकडे ठेवून उलटं, आणि खाली एक जण. मागून आत जायची गाडी असेल तर तिच्या मागे रॅम्प अधिक खुर्ची मावेल एवढी, म्हणजे साधारण ३ मीटर मोकळी जागा लागते, मागच्या गाडीने नाक चिकटवलं की खेळ संपला. बाजूने जायची गाडी असेल तर दार फुटपाथकडे येतंय ना ते बघा, रस्त्याच्या बाजूला रॅम्प उघडून ट्रॅफिकमध्ये उभं राहणं धोक्याचं.

आत गेल्यावर खुर्ची आडवी, म्हणजे माणसाचं तोंड खिडकीकडे, असं कधीच बसायचं नाही. तोंड पुढे, किंवा काही टॅक्स्यांमध्ये पाठ ड्रायव्हरच्या पार्टिशनला टेकून तोंड मागे. तोंड पुढे असेल तर चार पट्टे, दोन पुढून दोन मागून, आणि ते खुर्चीच्या फ्रेमला, चाकाला किंवा फूटरेस्टला नाही. काही खुर्च्यांवर फ्रेमला चार ठिकाणी हुकाचं चित्र असतं, ते पट्टे अडकवायच्या जागा. याशिवाय माणसाला गाडीचा वेगळा बेल्ट, कंबरेला आणि खांद्यावरून. खुर्चीचा स्वतःचा कमरपट्टा बसायला आधार म्हणून असतो, अपघातात तो पुरत नाही. ड्रायव्हर 'जवळच जायचंय' म्हणून दोनच पट्टे लावत असेल तर गोड बोलून चारही लावून घ्या, मी सरळ सांगते की आम्हाला घाई नाही.

ट्रेन किंवा मेट्रो

ट्रेन चांगली असेल तर खरंतर मला तीच आवडते, ट्रॅफिक नाही, मामा स्वतःच्या खुर्चीत ताठ बसतात, खिडकीतून बघत येतात. पण एअरपोर्टचं स्टेशन नवीन आणि चकाचक असतं आणि त्याला भुलून माणूस फसतो, अडचण दुसऱ्या टोकाला असते. तुम्ही उतरणार ते स्टेशन आणि मधे गाडी बदलणार ते स्टेशन, या दोन्हींना रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत लिफ्ट आहे का, आणि प्लॅटफॉर्म ते डबा किती फट आणि किती पायरी, हे बघा. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलं तरी ते कधी कधी फक्त प्लॅटफॉर्मपर्यंतचं असतं. निघायच्या दिवशी लिफ्ट चालू आहे का ते पण बघा, बऱ्याच मेट्रोंच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर बंद लिफ्टची यादी असते. बंद लिफ्टचा पर्याय आधीच काढून ठेवा, साधारणपणे एक स्टेशन पुढे जाऊन परत उलट येणं किंवा तिथून टॅक्सी.

रॅम्प स्टाफ लावणार असेल तर चढताना त्यांना उतरायचं स्टेशन आणि डब्याचा नंबर सांगा, म्हणजे ते पुढे फोन करतात. तरीही उतरायच्या एक स्टेशन आधी एक माणूस दारापाशी उभा ठेवा. बसमध्ये व्हीलचेअरची जागा बहुतेक एक किंवा दोनच असते, तुमच्याकडे दोन खुर्च्या असतील तर ग्रुप फोडावा लागेल हे गृहीत धरा.

ग्रुपसाठी ट्रेनचा एकच नियम आधी ठरवा, दार बंद होऊन काही जण मागे राहिले तर काय. आमचा असा की पुढे गेलेले शेवटच्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर थांबतात, मागचे पुढच्या गाडीने येतात, मधे कोणी उतरत नाही. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की तासभर गेला म्हणून समजा.

शहरात उतरताना

हॉटेलला 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारलंत तर ते हो म्हणतील आणि लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या असतील. प्रवेशदाराचा रस्त्यावरून काढलेला फोटो मागवा. बऱ्याच जुन्या इमारतींना पायऱ्यांशिवायचं दार मागच्या गल्लीत असतं, ड्रायव्हरला त्या दाराचं लोकेशन द्या, हॉटेलच्या नावाचं नको. गाडी आल्याबरोबर आधी माणूस, मग खुर्चीच्या सुट्या वस्तू, मग बॅगा. उलटं केलं तर गादी कुठल्यातरी बॅगेखाली गाडीतच राहते आणि गाडी निघून जाते.

ड्रायव्हर चांगला निघाला तर परतीचं तिथेच उभ्या उभ्या ठरवून टाका, त्याने खुर्ची एकदा चढवलेली असते, त्याला कागद दाखवायला लागत नाही. परतीला वेळ जास्त ठेवा. मदतनीस तुम्हाला ठरलेल्या जागेवरून न्यायला येणार, चेक-इनला खुर्चीची आणि बॅटरीची चौकशी होणार, त्यामुळे एअरलाइन ग्रुपला जी वेळ सांगते त्याच्या आणखी तासभर आधी आम्ही पोचतो. मामा तो तास खुर्चीत डुलकी काढतात.